बेडकाला प्लगइन हवंय

राही बाई मिरजगावच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली शिक्षिका काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. त्यामुळे दुसरीतली नात संस्कृती वजाबाकीत अडली, तेव्हा बाईंना मनातून आनंदच झाला.

"थांब, तुला माझा बेडूक दाखवते," त्या म्हणाल्या.

हा बेडूक म्हणजे बाईंच्या आयुष्यातलं एक मोठं काम होतं. शाळेत नवा कॉम्प्युटर आला त्या वर्षी त्यांनी आणि भिमाजी गुरुजींनी अख्खी दिवाळीची सुट्टी खर्चून तो केला होता. तळ्यात ओळीनं दगड, दगडांवर आकडे, आणि त्यावरून मागे मागे उड्या मारत वजाबाकी करणारा हिरवागार बेडूक. चित्रं गुरुजींची, सूचना बाईंच्या आवाजात, आणि 'डरांव' गुरुजींच्या स्वतःच्या गळ्यातलं. शिक्षकांच्या एका वेबसाइटवर तो चढला आणि दुसऱ्या तालुक्यांतल्या शाळाही तो वापरू लागल्या.

बाईंनी नव्या मोबाईलवर ती वेबसाइट उघडली. तळं नाही, दगड नाहीत. नुसता करडा चौकोन, आणि त्यात लिहिलेलं, की हा खेळ चालवणारं 'फ्लॅश प्लेअर' हे प्लगइन आता चालत नाही.

"आजी, बेडूक कुठंय?" संस्कृतीनं विचारलं.

बाईंना राग आला. सुनेच्या मागे लागून चांगला भारीतला फोन घेतलेला, आणि त्याला साधा बेडूक दाखवता येईना! त्यांनी स्वतःच शोधाशोध केली, कुठल्याशा साइटवर 'फ्लॅश प्लेअर, मोबाईलसाठी, मोफत' असं दिसलं, ते उतरवून घेतलं. बेडूक काही आला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं होतं, तिथं पाळणा म्हणायला सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि बाईंच्या पिशवीतून खणखणीत आवाज आला, "अभिनंदन! रमीच्या डावात तुमचं स्वागत आहे!"

बाई तडक मेहविशकडे गेल्या.

मेहविश त्यांचीच विद्यार्थिनी. कर्जतच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि आता हायवेला लागून तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं फोन हातात घेतला, पाहिला आणि हसू दाबलं.

"बाई, हे फ्लॅश नाहीच. फ्लॅशच्या नावाखाली जाहिराती घुसवणारं काहीतरी आहे. काढून टाकते."

"ते काढ आणि खरं बसव."

"खरं आता कुणी देतच नाही. ते बनवणाऱ्या कंपनीनंच कधीचं बंद केलं. फोनवर तर ते कधी धड चाललंच नव्हतं. बॅटरी खायचं, फोन तापायचा, आणि बाहेरच्या चोरट्यांना आत शिरायला वाट मिळायची. आता व्हिडिओ, गाणी, खेळ, सगळं ब्राउझर स्वतःच दाखवतो. कुणाला हवंय ते प्लगइन?"

"माझ्या बेडकाला हवंय," बाई म्हणाल्या.

मेहविशची स्वतःची वजाबाकी त्याच बेडकावर झाली होती. तिनं बाईंना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि लॅपटॉप उघडला. जुन्या फ्लॅशच्या फायली प्लगइनशिवाय चालवणारा एक नवा प्रोग्रॅम तिला माहीत होता. वेबसाइटवरून फाइल उतरवली, त्यात टाकली, आणि पडद्यावर तळं आलं. दगड आले. बेडूक आला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "थोडा जाडच झालाय गं," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मग मेहविशनं तेच फोनवर लावून दिलं. बाईंनी बेडकावर बोट ठेवलं. बेडूक ढिम्म. पुन्हा ठेवलं. ढिम्म.

"उडी का मारत नाही हा?"

मेहविशनं जरा विचार केला. "बाई, तुम्ही तो माउससाठी केला होता. बाण नुसता त्याच्यावर नेला, की उडायचा. क्लिकसुद्धा करावं लागायचं नाही. बोटाला असं नुसतं वर तरंगता येत नाही ना."

"म्हणजे मी म्हणत होते ते प्लगइन मिळालं असतं, तरी?"

"तरी तो असाच बसून राहिला असता."

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. दगडांवरचे आकडेही मुंगीएवढे दिसत होते. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मग नवाच करू. बोटानं उडणारा. तू ते कोडिंगचं बघ, मी गणितं काढते."

पुढचे काही दिवस दुकानात गिऱ्हाईक नसलं, की दोघी तळ्यात. आकडे मोठे झाले, दगड बोटाएवढे झाले. बाईंनी आवाज नव्यानं दिला. अडलं ते 'डरांव'शी. जुन्या फाइलीत तेवढाच आवाज फाटका येत होता, आणि दुसऱ्या कुणाचं 'डरांव' बाईंना पटेना.

त्यांनी भिमाजी गुरुजींना फोन लावला. गुरुजी निवृत्तीनंतर दूध-दुभत्यात रमले होते आणि त्या वेळी नेमके घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उभे होते.

"गुरुजी, डरांव करा. रेकॉर्ड करतोय."

"आत्ता? बाई, आवं हितं लई मानसं हायेत!"

"असू देत. मुलांसाठी करायचंय."

गुरुजींनी घसा खाकरला आणि भर बाजारात असं काही 'डरांव' ठोकलं, की मागून एक म्हैस भडकून जोरात रेकली. त्यावर माणसं खो-खो हसली. ते सगळंच्या सगळं रेकॉर्ड झालं.

मेहविशनं डरांव वेगळं काढलं, पण म्हैस टाकून द्यायला तिचा जीव होईना. उत्तर चुकलं, की म्हैस रेकेल, असं तिनं करून टाकलं.

संस्कृतीला खेळ दिला. पहिलं उत्तर बरोबर आलं, बेडूक डरांव म्हणाला. दुसरं चुकलं, म्हैस रेकली, आणि पोरगी हसून लोळायला लागली. त्यानंतर तिचं एकही उत्तर बरोबर येईना.

"अगं, बारातून पाच गेले, तर सतरा कसे होतील?" बाई वैतागल्या.

"माहितीये, सात. पण मला म्हैस ऐकायचीय."

बाईंनी मेहविशला फोन केला. "म्हैस बरोबर उत्तराला लाव. चुकलं, की नुसता बेडूक."

शाळेत हा खेळ पहिल्यांदा दाखवला, तेव्हा भिमाजी गुरुजी मुद्दाम एसटीनं आले. दुसरीचा वर्ग फोन आणि टॅबवर वाकून बसला होता. एकेक उत्तर बरोबर येऊ लागलं, तशा म्हशी रेकू लागल्या, आणि थोड्याच वेळात पोरंही सुरात सूर मिसळून रेकू लागली. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिका आरती मॅडम घाबऱ्या घाबऱ्या दारात आल्या.

"काय चाललंय काय?"

"वजाबाकी," राही बाई म्हणाल्या. त्यांनी मॅडमना आत बोलावलं आणि बसायला जागा करून दिली.