हौदाचा उतार

"आजी, ये आपने बनवाया था?" सलोनीने हौदाच्या काठावरून विचारलं.

माझ्याआधी रामसजीवनच बोलला. "और कौन बनवाता, बिटिया? दीदी न होतीं तो पैसा मार्च में लौट जाता."

नात माझ्याकडे कौतुकाने पाहू लागली. मी चष्मा काढून पदराने पुसत राहिले.

चिनहटच्या पुढे गावपंचायतीचं हे छोटं रान. नीलगायी, कोल्हे, ससे. चौदा वर्षांपूर्वी अशा रानांत प्राण्यांसाठी पाणी-गवताची सोय करायला सरकारी अनुदान आलं आणि फाइल माझ्या टेबलावर आली. मी तेव्हा हेडक्लार्क. मंजिरी मॅडमच्या टेबलावर फाइल झोपत नाही, असं कचेरीत म्हणायचे. मला ते आवडायचं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रामसजीवन, या रानाचा राखणदार, सायकल मारत हजरतगंजला आमच्या कचेरीत आला. वहीच्या पानावर त्याने पेन्सिलीने हौद काढून आणला होता.

"दीदी, एक तरफ ढाल रखवा दीजिए. सीधी दीवार होगी तो जानवर का बच्चा गिरेगा, निकलेगा नहीं."

आमच्याकडे मंजूर नकाशा होता तो शाळेच्या पाण्याच्या टाकीचा. चारी भिंती सरळ. उतार घालायचा तर नकाशा पुन्हा इंजिनिअरकडे जाणार, आणि एकतीस तारीख गेली की अनुदान परत.

"अभी पास हो जाने दो," मी म्हटलं. "ढाल अगले साल जुड़वा देंगे."

"आप कहती हैं तो ठीक है."

त्याचा कागद मी फाइलला लावला नाही. लावला असता तर वर कुणीतरी शंका काढली असती. तो ड्रॉवरमध्ये राहिला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. आज सलोनीला कॉलेजसाठी असं एखादं रान पाहून लिहायचं होतं, म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात तिला इथे आणलं.

"और ये डाली क्यों पड़ी है?" तिने विचारलं. हौदात बाभळीची एक जाड फांदी तिरकी टेकवलेली होती.

"सीढ़ी है. पहली ही गरमी में नीलगाय का बच्चा डूब गया था. तब से डाल देता हूँ. सियार, खरगोश निकल आते हैं. बड़ा गिरे तो मैं उतरता हूँ."

हे तो तिला सांगत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"तो स्लोप ही बना देते. इतना सिंपल तो है."

"तब जल्दी थी, बिटिया," रामसजीवन म्हणाला. "तारीख निकल जाती."

माझी सबब त्याने इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि माझ्याच नातीपुढे माझ्यासाठी वापरली.

"सलोनी," मी म्हटलं, "यांनी उताराचं चित्र काढून दिलं होतं. मी ते फाइलला लावलंच नाही."

"क्यों, आजी?"

रामसजीवन खाली बघत काठावर तोडून ठेवलेली नवी फांदी ओढू लागला. जुनी खालून कुजली होती. मी दुसरं टोक धरलं.

"छोड़िए दीदी, काँटा लगेगा."

मी सोडलं नाही. नवी फांदी बसल्यावर त्याने जुनी वर काढून माझ्या पायाशी ठेवली. तिच्या वरच्या अंगाची साल पार गेली होती, आणि लाकूड पावलांनी गुळगुळीत झालं होतं.