न उचललेला भंडारा

"उचल की रे मायाप्पा! ताटलीत काय साप बसलाय व्हय?"

सिद्धलिंगप्पा असं म्हणाला आणि जमलेले सगळे नोकर हसले. मायाप्पा हसला नाही. गल्ल्यावर पितळेची ताटली होती, ताटलीत बिरोबाच्या देवळातून आणलेला भंडारा होता आणि मायाप्पाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. कार्तिकातली थंड सकाळ, तरी बंडी घामाने पाठीला चिकटली होती.

नवी पेठेतलं चनमल्लप्पांचं भांडार म्हणजे त्या काळी, आणीबाणीच्या आदल्या साली, सोलापूरचं नवल होतं. खाली भांडी आणि खेळणी, मधल्या मजल्यावर सुटाचं कापड, वर साड्या. सगळा बाजार एका छपराखाली! करमाळा-टेंभुर्णीकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं जिना चढतानाच हरखून जायची. एवढ्या पसाऱ्याला दार मात्र एकच, आणि त्या दारावर मायाप्पा. जाणाऱ्या-येणाऱ्याची पिशवी बघायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून पायरी उतरवायची, हे त्याचं काम. आणि अलीकडे वरच्या मजल्यावरून भारी इरकली साड्या नाहीशा होऊ लागल्या होत्या.

चोर सिद्धलिंगप्पा होता. हे फार उशिरा उघडकीला आलं, पण मी आत्ताच सांगून टाकतो. कोडं घालून वाचकाला टांगून ठेवायची मला मुळीच हौस नाही. कोड्यांची हौस त्याला होती. साड्यांच्या मजल्याचा तो मुख्य, आणि गिऱ्हाईक नसलं की भाड्याने आणलेल्या रहस्यकथा वाचत बसायचा. चोऱ्या सुरू झाल्यापासून स्वतःच गुप्तहेर होऊन भांडारभर हिंडत होता. "मालक, चोर नेहमी दारापाशीच असतो," हे त्याचंच संशोधन. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! त्या सकाळी सगळ्यांत आधी त्याने भंडारा उचलला, कपाळाला फासला, वर चिमूटभर जिभेवरही टाकला. देवाला न भिणाऱ्याला भंडारा काय आणि भाजीतली हळद काय, सारखीच.

पण मायाप्पा धनगर होता. भंडारा उचलून खोटं बोललं तर वंश बुडतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. चनमल्लप्पांना ते ठाऊक होतं. ऐन लग्नसराईच्या तोंडावर भांडारात पोलीस नकोत, म्हणून प्रत्येक नोकराने भंडारा उचलून शपथ घ्यायची, हा उपाय त्यांनी काढला होता.

"मायाप्पा, अरे तू का घाबरतोस?" ते हळू आवाजात म्हणाले. "उचल आणि मोकळा हो."

"मला शिवता येत न्हाय, मालक."

"का?"

मायाप्पा ताटलीपासून एक पाऊल मागे सरला.

कारण आदल्या दिवशी पहाटे त्याच्या झोपडीत त्याची लेक फुलाबाई बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. घरात सुवेर असताना देवाला शिवायचं नाही, भंडारा तर लांबच राहिला. एवढं सांगितलं असतं तर मालकांनी ताटली बाजूला सारून पेढे मागितले असते. पण तेच तर सांगायचं नव्हतं! फुलाबाईची आधीची दोन्ही लेकरं पाचवीच्या आतच गेली होती. मंगळवेढ्याकडच्या एका जाणत्या म्हातारीने तेव्हाच बजावलं होतं, "पुढच्या खेपेला पाचवी पुजेपतूर कुणाला कळू देऊ नगासा. तोंडातनं शबूद काढायचा न्हाय, आन परकं माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाय." म्हणून सुईणही बोलावली नव्हती. मायाप्पाच्या बायकोने, केराबाईने, स्वतः लेकीची सुटका केली होती. नजर लागू नये म्हणून बाळाला केराच्या टोपलीत लोळवून जुनेरात गुंडाळलं होतं. शेजारणी अजून विचारत होत्या, "फुले, कवा गं मोकळी हुतीस?"

सुतक आहे म्हणून सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. घरात तान्हं असताना खोटं मरण तोंडातून काढायचं? नको रे बाबा! कुणी ऐकलं आणि खरं केलं तर?

"बघा मालक," सिद्धलिंगप्पा म्हणाला, "म्या म्हणत नव्हतो?"

मायाप्पाने डोक्यावरचा पटका सारखा केला आणि तो पायऱ्या उतरून निघाला. कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही.

तो तडक शेळगीच्या वाटेवरच्या झोपडीत आला. केराबाईला त्याने सगळं सांगितलं.

"उचलला न्हाईस न्हवं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. नोकरी काय, कुटं बी मिळंल." एवढं म्हणून ती रडायला लागली, तेही पदर तोंडात कोंबून. आवाज बाहेर जायला नको होता.

दिवेलागणीला चनमल्लप्पा आले. बरोबर हवालदार होता. मायाप्पा चटकन बाहेर आला आणि दार ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभा राहिला.

"मायाप्पा, माझं मन घेत नाही रे," मालक म्हणाले. "माझ्या आईला तू पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलंस. तू चोरी करशील? का शिवला नाहीस, तेवढं सांग. उद्यापासून ये."

काळीज तुटत होतं मायाप्पाचं. एक शब्द, फक्त एक शब्द! पण पाठीमागे फळीपलीकडे लेकरू चुळबुळत होतं, ते त्याला ऐकू येत होतं.

"बोलत न्हाय म्हंजी झडती घ्यावी लागंल," हवालदार म्हणाला. "बायामाणसांला भाईर काढा. सर बाजूला."

हवालदाराने पायरीवर पाय ठेवला. आता हा आत जाणार, वाकून बघणार, चार घरं सांगत सुटणार. आधीची दोन्ही कलेवरं त्याने स्वतःच्या हातांनी पुरली होती.

"झडती कशाला?" तो म्हणाला. "म्याच नेल्या साड्या."

हातात भंडारा नव्हता. हे खोटं त्याचं एकट्याचं होतं. त्यासाठी देवाने लेकराकडे बघायचं कारण नव्हतं.

मालक एक पाऊल पुढे आले. "कुठं आहेत?"

"इकल्या. बार्शीच्या बाजारात. घरात काय बी न्हाय, मालक."

"थू तुझ्या जिनगानीवर!" चनमल्लप्पा म्हणाले आणि पाठ फिरवून टांग्याकडे चालू लागले. जाताना त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. हवालदाराने मान वळवली. "लेकरू हाय व्हय आत?"

"शेळी व्यालीया सायेब," दाराच्या फटीतून केराबाई म्हणाली. "करडू हाय."

"चला की सायेब," मायाप्पा घाईने म्हणाला. "उगं उशीर कशाला?"

बेडीची वाट न बघता तो चालू लागला. मागे बाळाने भोकाडच पसरलं. मायाप्पा जोरजोरात खोकत पाय उचलू लागला, चौकीच्या दिशेने, इतक्या झपाझप की हवालदाराला टोपी सावरत त्याच्या मागे पळावं लागलं.