करडईचं तेल

“आधी ह्याच्या पोटातली काडतुसं भाईर काढू द्या पंत, मंग काय ते बोला,” रखमाजी म्हणाला.

गंगाधरपंत दोन पावलं मागं सरले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मानसिंगराव इनामदारांचा हा कारभारी. तीस वर्षं कागद काळे केलेला माणूस. हत्याराची नळी आपल्याकडे रोखलेली नाही ना, एवढंच त्यांना हत्यारातलं कळत होतं.

रखमाजीनं पिस्तुलाच्या मुठीतून काडतुसांची पेटी ओढून काढली. मग वरचं पोलादी झाकण मागं खेचलं, तसं नळीत बसलेलं एक काडतूस टणकन उडून फडक्यावर पडलं. तो त्याच्याकडे बघतच राहिला.

“ह्ये आतच हुतं?”

“म्हणजे?”

“इनामदारांनी येकदा चाप वढला, बार न्हाई उडला. मंग झाकण मागं वढलं की ह्ये पडतं आन दुसरं चढतं. पुनवेला त्यास्नी म्या दहादा करून दावलं हुतं.”

“समोर वाघ असताना तुझे दहा धडे आठवतात होय रे?” पंत म्हणाले. “तुझं काम कर.”

रखमाजीनं काम केलं. बाप लोहार, आजा लोहार. आज्यानं ठासणीच्या बंदुका दुरुस्त केल्या, बापानं टोपीच्या, आणि रखमाजी भोरच्या पेठेतल्या त्याच दुकानात बंदुका, कुलपं आणि स्टोव्ह, जे येईल ते बघत होता. काडतूस चिमटीत धरून तो दाराच्या उजेडात गेला. काडतुसाच्या बुडाला तांब्याची टोपी असते. आतली पिन तिच्यावर फाडकन आदळली की बार. इथं पिन पोचली होती, पण कशी, तर मुंगी चावल्यासारखी. टोपीवर नुसता ओरखड्याएवढा खळगा.

“काडतुसं ओली झाली होती,” पंत मागून म्हणाले. “आमच्या त्या गेनू गड्यानं नदी उतरताना काडतुसांचा डबा भिजवला. वेल्ह्यात लहान पोरालाही माहीत आहे. तू फक्त पिस्तूल चालू करून दे, आणि काडतुसं ओली होती असा कचेरीत द्यायचा कागद आहे, त्यावर सही कर.”

रखमाजीनं तो खळगा पुन्हा पाहिला. काडतूस ओलं असतं तर टोपीवर खळगा खोल पडला असता आणि दारू पेटली नसती. इथं दारूचा दोषच नव्हता. ठोकाच बसला नव्हता. त्यानं पिस्तूल सोडवायला घेतलं.

पौषात झालेली गोष्ट पेठेतही आली होती. तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत बिबट्यानं दोन शेळ्या आणि एक वासरू नेलं. इनामदार शिकारीला निघाले. हाकाऱ्याला, म्हणजे ओरडून जनावर उठवायला, वाडीतले पंधरा गडी, त्यांना मजुरी नाही, भाकरी ज्याची त्यानं आणायची. इनामदारांनी बंदुकीचे दोन बार टाकले, एक हुकला, दुसरा जनावराच्या पायाला लागला. चवताळलेलं जनावर हाकाऱ्यातल्या भिमावर गेलं. इनामदार पाच पावलांवर. त्यांनी कमरेचं नवं पिस्तूल काढलं, चाप ओढला. टक. मग ते दगडाच्या आडोशाला गेले. भिमाच्या हातात कोयता होता. त्यानं तो चालवला, जनावर पडलं, पण भिमा पाचव्या दिवशी जखमा सडून मेला. शिकार झाली म्हणून इनामदारांनी वाडीला गूळ वाटायला सांगितला होता. बिबट्याचं कातडं आता इनामदारांच्या दिवाणखान्यात होतं.

पिन बाहेर येईना. रखमाजीनं मागून पितळी सळईनं हळूच ठोकली, तेव्हा कुठं ती कुरकुरत सरकली. तिच्या अंगावर पिवळट चिकट थर होता, फणसाच्या चिकासारखा. बोटाला लागला तो सुटेना. रखमाजीनं बोट नाकाशी नेलं.

करडई.

त्याला ओळखायला वेळ लागला नाही. घाणा कुठला हेसुद्धा त्यानं सांगितलं असतं. तेल त्याच्याच फडताळातलं होतं.

झालं होतं असं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पंत हेच पिस्तूल घेऊन आले होते. विलायतेहून पेटीत आलेलं, जाड पिवळ्या चरबीत बुडवलेलं. पंतांनी ते फडक्यात धरून दूर धरलं होतं. “उद्या देवघरात हत्यारं मांडायची आहेत. ही कसली चरबी, गाईची का डुकराची, देव जाणे. सगळी काढून टाक आणि घरचं चांगलं तेल घाल.” पेटीत बोटाएवढी एक काचेची बाटली होती, आत पाण्यासारखं पातळ तेल, वर इंग्रजी अक्षरं. पंतांना इंग्रजी येत होतं. रखमाजीनं विचारलं नाही, पंतांनी वाचलं नाही. “आमच्या आज्याच्या टायमापास्नं करडईचंच तेल घालतो आमी,” रखमाजी छाती काढून म्हणाला होता, आणि पिस्तुलाच्या सांदीसांदीत पळीनं तेल सोडलं होतं. ठासणीच्या बंदुकीला ते चालतं. तिचा घोडा बाहेर असतो, हातोड्यासारखा. पुसला की झालं. ह्या पिस्तुलाची पिन आत, काडीएवढ्या भोकात. तीन महिने तेल त्या भोकात वाळत बसलं, चिकट होत गेलं. आणि तोरण्याखालची पौषातली सकाळ, हाताची बोटं वळत नाहीत अशी.

ती बाटली फडताळात तशीच होती. दिसायला छान म्हणून ठेवलेली. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

त्यानं पिन रॉकेलमध्ये बुडवली. भोक काडीला चिंधी गुंडाळून तीनदा पुसलं. मग ती बाटली काढली, झाकण उघडलं आणि एक थेंब सोडला. एकच. पिन आतबाहेर सुळकन पळायला लागली.

“परसात येता का?” तो पंतांना म्हणाला.

परसात राखेचा ढीग होता. रखमाजीनं मुठीतल्या पेटीत एकच काडतूस घातलं, ते खळग्याचं. झाकण ओढलं, चाप दाबला. बार असा उडाला की शेजारच्या कौलावरची कबुतरं उठली. रिकामं पितळ राखेत पडलं.

पंतांनी कानावरचे हात काढले. “झालं तर. नीट झालं.”

“पंत, ह्ये त्येच काडतूस हाय. त्या दिवशी न उडलेलं.”

“असेल.”

“मंग वलं कसं?”

“आता वाळलं असेल,” पंत म्हणाले, आणि खिशातून कागद काढला.

रखमाजी कागद बघत राहिला. पंतांनी आवाज खाली घेतला. तो आवाज दटावणीचा नव्हता, उलट समजुतीचा होता. म्हणून तो जास्त ओंगळ होता.

“हे बघ रखमाजी. इनामदारसाहेबांचा हात थरथरला असं कुणी म्हणायला नको. आणि पुजेआधी हत्यार कुणी साफ केलं, असंही कुणी विचारायला नको. कागदात ओल आली की दोन्ही मिटतं. तुझ्या सोयीचंच आहे.”

“आन गेनू?”

“गेनूला काय होतंय? त्याला कुणी फाशी देत नाही. साहेबांनी नुसतं कामावरून काढलंय. सख्ख्या बहिणीनं दार लावून घेतलं त्याला, म्हणे, भिमाची बायको ती. बायकांचं काय, चार महिन्यांनी उघडेल.”

रखमाजीला मोडीत सही करता येत होती. बापानं मुद्दाम शिकवली होती, मिस्तरी माणसानं अंगठा उठवू नये म्हणून. त्यानं ती सुरेख सही कागदावर केली. पंतांनी शाई फुंकली, पिस्तूल पेटीत घातलं आणि निघून गेले.

माणूस घाबरून सही करतो हे समजण्यासारखं आहे. रखमाजी घाबरला नव्हता. त्याला हायसं वाटलं होतं, हे खरं. दोन दिवस त्याला गाढ झोप लागली. तिसऱ्या दिवशी भाजीला फोडणी घालताना सगुणाबाईनं, त्याच्या बायकोनं, तेलाचं बुधलं काढलं आणि तो वास घरात पसरला. तो पानावरून उठला.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“भूक न्हाई.”

“सकाळीबी नव्हती.”

“आजपास्नं शेंगदान्याचं तेल आन,” तो म्हणाला.

“करडईनं काय घोडं मारलं?”

आठ दिवस तिनं शेंगदाण्याचं तेल वापरलं आणि आठ दिवस तो बोटं हुंगत बसला. नवव्या दिवशी ती म्हणाली, “जिकडं जायचंय तिकडं जाऊन या येकदाचं. बोटं झिजतील.” तिला काही सांगितलेलं नव्हतं. तरी ती तसं म्हणाली.

नसरापूरपर्यंत मोटार मिळाली, पुढं वेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत बसला, आणि शेवटची चढण पायी. वेल्ह्यात कचेरी लागली. तिच्यासमोर तो उभा राहिला. आत एक शिपाई टेबल पुसत होता. रखमाजी पुढं चालू लागला. येताना जाऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि आपण स्वतःशी खोटं बोलतोय हे त्याला त्याच क्षणी कळलं.

वाडीच्या वरच्या अंगाला गेनू गवताचे भारे रचत होता. पस्तिशीचा, काटक, दाढी वाढलेली. त्यानं रखमाजीला ओळखलं. बंदुका पोचवायला, आणायला तो चारदा दुकानात आला होता.

“मिस्तरी? हिकडं कुठं?”

“तुझ्याकडंच.”

“माझ्याकडं कुनी येत न्हाई आता,” गेनू म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडत नाही म्हणावं तसं म्हणाला. “बसा.”

रखमाजी बसला नाही. खिशातून रिकामं पितळ काढून त्यानं गेनूच्या हातावर ठेवलं.

“ह्ये त्या दिवसाचं काडतूस. म्या परसात उडीवलं. पयल्याच चापाला उडलं.”

गेनू भाऱ्यावर बसून ते पितळ उलटंसुलटं करत राहिला. “म्हंजी?”

“वलं नव्हतं.”

“पर म्या घसरलो हुतो, मिस्तरी.” गेनूनं मान खाली घातली. “कुनाला सांगितलं न्हाई म्या. नदीत पाय सरला माझा. डबा येका हातानं वर धरला, पर पानी लागलं असनार. समदी म्हनत्यात ते खरंच हाय. भिमाला म्याच मारला.”

रखमाजीला वाटलं होतं, गेनू आपला गळा धरील. दोन महिने निरपराध माणसाला लोक छळतायत असं त्यानं वाटेत मनाशी रचलं होतं. इथं तो माणूस स्वतःच स्वतःला रोज मारत बसला होता. आणि ज्यानं जखमी जनावर हाकाऱ्यातल्या गड्याच्या अंगावर सोडलं, एकदा चाप ओढून दगडामागं दडला, तो दिवाणखान्यात कातड्यावर पाय ठेवून पान खात असेल. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

“डब्याला पानी लागलं आसंल,” रखमाजी म्हणाला. “काडतुसाला न्हाई लागलं. पिस्तूल माज्या तेलानं आखडलं. पुजंच्या आदी म्या घातल्यालं तेल. चिकाट झालं. पिन नेटानं हालली न्हाई. समजलं का? तुझं पानी न्हाई. माजं तेल.”

गेनूनं पितळ मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाला, “ह्ये कवा कळलं तुमाला?”

“बारा दिस झालं.”

“बारा दिस.”

“व्हय. आन वल हुती म्हनून कागदावर सही केली म्या.”

गेनू उठला. त्यानं भारे तसेच टाकले. “चला,” तो म्हणाला. “ह्ये मला सांगून भागायचं न्हाई.”

बनाबाईच्या घराचं दार उघडं होतं, पण भाऊ अंगणाच्या कडेलाच थांबला. ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. तिनं दोघांकडे पाहिलं आणि सूप चालू ठेवलं. रखमाजीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चरबी, तेल, पिन, बाटली, कागद. पंतांचं नाव घेतलं, पण त्यांच्यामागं लपला नाही. सांगून झाल्यावर सूप थांबलं होतं.

“कचेरीत सांगितलं?” तिनं विचारलं.

“न्हाई. जाताना...” तो अडखळला. “आत्ता न्हाई गेलो. भ्यालो. जाताना जातो.”

“पंत काम काढून घेतील तुमचं.”

“घेतील.”

ती भावाकडे वळली. “दादा, भाईर का हुबा ऱ्हायलास? आत ये. पानी घे.”

गेनू वहाणा अंगणात काढून ओटा चढला. आत गेला तो गेलाच. आतून फक्त तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

बनाबाईनं आत जाऊन एक कोयता आणला. पातं जागोजागी दातरलेलं, मुठीला काळपट डाग. भिमाचा होता, हे सांगावं लागलं नाही. तिनं तो रखमाजीपुढं ठेवला.

“गवत निघायचंय. धार लावून द्या.”

रखमाजी अंगणातल्या दगडाशी बसला. पाणी शिंपडून पातं घासू लागला, एका अंगानं, मग दुसऱ्या. दाते गेले. पात्याची कड उजेडात निळसर दिसू लागली. त्यानं अंगठ्यानं धार पाहिली, धोतराच्या सोग्यानं पातं पुसलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात कमरेच्या तेलकट चिंधीकडं गेला.

“तेल लावू नगा,” बनाबाई म्हणाली.

हात तिथंच थांबला. त्यानं कोयता तसाच, कोरडा, मूठ तिच्याकडं करून तिच्या हातात दिला.