सत्काराच्या वेळी नीला कुठे होती?

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मोहन २००६ च्या दिवाळीत फार खुशीत होता. कार्यक्रमाला त्याने ओस्ताप ह्रिनचुक हा निवृत्त युक्रेनियन फुटबॉलपटू पाहुणा म्हणून मिळवला होता. एके काळी कीवमध्ये या माणसाला रस्त्यातून चालणं मुश्कील व्हायचं म्हणे. आता गुडघे गेले होते. तो पार्सिपनीतच मुलीकडे राहायचा आणि गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा.

खरं तर त्याला शोधलं होतं मोहनच्या बायकोने, नीलाने. ती कोल्हापूरची, वडिलांबरोबर मैदानावर फुटबॉल बघत मोठी झालेली. दुकानात तिने ओस्तापला चेहऱ्यावरून ओळखलं आणि शाळेत असताना टीव्हीवर पाहिलेला त्याचा एक गोल त्यालाच रंगवून सांगितला. मोहनला ऑफसाइड म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

सकाळी नीला म्हणाली, "मोहन, त्याच्या भाषणापुरती माझी किचन ड्यूटी बदलशील का?"

"अगं, तीनशे पानं आहेत. अध्यक्षाच्याच बायकोने काम टाळलं तर लोक काय म्हणतील? मी सांगेन ना तुला तो काय बोलला ते."

"तुला कळलं तर सांगशील ना!" नीला हसली आणि पुऱ्यांची कणीक मळायला गेली.

संध्याकाळी शाल-श्रीफळ झालं. ओस्तापने माइक हातात घेतला आणि विचारलं, "माझा गोल जिच्या लक्षात आहे, ती बाई कुठे आहे?"

"ती किचनमध्ये बिझी आहे, सर," मोहन म्हणाला.

ओस्तापने माइक बाजूला धरला आणि मोहनलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी बायको लेस्याही अशीच बिझी असायची. स्टेडियम माझ्या नावाने ओरडायचं, तेव्हा ती घरी माझ्या टीमचा स्वयंपाक करायची. तिला खेळ आवडतो का, हे मी कधी विचारलं नाही. वाटायचं, रिटायर झालो की दोघं मिळून मॅच बघू. रिटायर झालो त्याच वर्षी ती गेली. तिला बोलवा."

"सर, जेवणाला उशीर होईल."

"होऊ दे. मी थांबतो."

मोहनला सकाळचं आठवलं. नीलाने एवढी एकच गोष्ट मागितली होती. तो स्टेजवरून उतरून थेट किचनमध्ये गेला.

"नीला, तू बाहेर जा. तो तुझ्यासाठी थांबलाय."

"आणि पुऱ्या?"

"मी तळतो." मोहनने दारातल्या एका मित्रालाही हाक मारली, "दिगंबर, तूही ये रे आत, लाटायला घे."

"हात भाजून घेशील हं," नीला म्हणाली. पण पिठाचे हात धुवायलाही थांबली नाही.

थोड्या वेळाने माइकवरून तिचा आवाज आला. गोल डाव्या पायाने झाला होता, असं ती खुद्द ओस्तापलाच ठणकावून सांगत होती! हॉल हसत होता. बायकोचा हा आवाज मोहनने इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. त्या दिवशी एकही पुरी फुगली नाही, तरी सगळ्या संपल्या. पुढच्या वर्षापासून मंडळात किचनच्या पाळ्या पुरुषांनाही लागल्या.

मित्रहो, आपल्या समारंभांत टाळ्या बाहेर वाजतात आणि आपली माणसं आत राबत असतात. त्यांना बाहेर बोलवा, शेजारी बसवा, आणि ते आजच करा. नंतर करू म्हणणाऱ्याला सवड मिळते, पण तेव्हा ते माणूस नसतं.