चौथ्या-पाचव्या मणक्यातलं बिऱ्हाड

आमचे हे गेले, म्हणजे लोकांच्या लेखी गेले. पाहुणे पांगल्यावर मी चटईवर पाठ टेकली, तेव्हा ते माझ्या कमरेत, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे राहायला आले. येताना त्यांची लोखंडी खुर्ची तेवढी घेऊन आले. ती त्यांनी सरकवली की माझ्या डाव्या पायात टाचेपर्यंत कळ जायची.

कळेचं मला काही नव्हतं. खुर्ची तर खुर्ची, माणूस बसणार कशावर? जीव तुटायचा तो त्यांच्या विचारण्यानं. जयसिंगपुरात आमच्या घरी मी दळण घेऊन उंबरा ओलांडला की हे विचारायचे, "आलीस का?" समोर दिसत असायची की मी, धडधडीत! मी म्हणायची, "नाही, अजून गिरणीतच आहे." मग ते मिशीत हसायचे. आता कमरेतून तेच विचारायचे, "आलीस का?" आणि मी "आले, आले हो" म्हणून घसा कोरडा केला तरी त्यांना ऐकू जायचं नाही. माझं तोंड पुढे आणि ते मागे. जन्मभर ज्यांना उत्तर दिलं ते माझ्याच अंगात बसून माझी वाट बघत होते. मला दुसरं काही नको होतं. एकदा, एकदाच, मी आलेली त्यांना कळायला हवं होतं.

पण पाय फरफटायला लागला आणि सुनेच्या नजरेत आला. सून राजमती. एकदा तिच्या मनात आलं की संपलं.

"आत्ती, उद्या मणक्याच्या डॉक्टरकडं जायचं."

"मला काही झालेलं नाही."

"मग चालून दाखवा बघू."

डॉक्टर उपाध्येंचा दवाखाना खताच्या दुकानावर आहे. त्या औषध देत नाहीत आणि सुरीही लावत नाहीत; सरकलेले मणके हातानं जागेवर आणतात. तिथला जिना ज्याच्या त्याच्या दुखण्याएवढा लांब होतो. राजमती दोन ढांगांत वर गेली. मी चढत होते, चढत होते, मधे बसून पाणी प्यायले, पुन्हा चढले. वर पोचले तेव्हा राजमतीचा स्वेटर अर्धा विणून झाला होता.

डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं आणि कण्यावरून बोटं फिरवत आणली. कमरेशी थांबल्या.

"इथं कोणीतरी आहे."

"आमचे हे आहेत."

"काही बोलतात?"

"विचारतात."

"असतात बऱ्याच जणांकडे," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळी एक मास्तर येऊन गेले. त्यांच्या मानेत अख्खा वर्ग होता, तोही गणिताच्या तासाचा."

पहिल्या खेपेला त्यांनी मला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर आणि एक कुल्ल्यावर ठेवला. "श्वास सोडा," म्हणाल्या आणि श्वास संपता संपता एक छोटा झटका दिला. कट्‌ असा आवाज झाला. अडकलेला सांधा मोकळा होतो त्यानं. माझ्या पायाच्या मुंग्या निम्म्या झाल्या आणि आत बहुतेक खिडकी उघडली, कारण ह्यांचा आवाज एकदम स्वच्छ झाला. "आलीस का?" मला इतकं रडू आलं की राजमतीला वाटलं, दुखलं.

दुसऱ्या खेपेला खाली पडणारं टेबल होतं. त्याचा कमरेखालचा भाग जरासा उचललेला असतो. डॉक्टर दाबतात आणि तो धप्पकन खाली बसतो. धक्का टेबल खातं, पेशंटला फार जोर सोसावा लागत नाही. माझं वाकडं झालेलं कंबरडं सरळ झालं. घरी जाऊन मांडी घालून जेवले. ह्यांची मात्र खुर्ची कलंडली असावी. "काय मेलं हे!" म्हणाले. मला हसू आवरेना.

तिसऱ्या खेपेला हातात मावेल एवढं स्प्रिंगचं यंत्र. टक्‌, टक्‌, नेमक्या जागी. माझ्यासारख्या ठिसूळ हाडांना ते बरं, डॉक्टर म्हणाल्या. पहिल्याच टकटकीला आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे, मी!" मी ओरडले.

"दार उघडंच आहे," हे म्हणाले. थोडा वेळ थांबले, मग पुन्हा खुर्चीत बसल्याचं मला कळलं.

नंतर ताण देणारं टेबल सुरू झालं. त्याचा अर्धा भाग सावकाश खाली झुकतो, पुन्हा वर येतो. दोन मणक्यांमधली जागा वाढते, दबलेली नस सुटते. माझी सुटली. मी दळण उचलायला लागले. पण दर खेपेला ह्यांची खोली लांब होत होती. त्यांची खुर्ची एका टोकाला राहिली आणि मी ऐकायची ते टोक दुसरीकडे. "आलीस का?" आता पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखं यायचं. जिना उतरायला मला वेळच लागेना. मी खालच्या पायरीवर बसून राहायची आणि पायात कुठे कळ उरली आहे का, ते चाचपायची.

"डॉक्टर, आता पुरे," मी म्हणाले.

"अजून एकदा ताणलं की मागची भिंत जाईल. मग ते तिथं राहणार नाहीत."

"मग नका ताणू."

"नाही ताणलं तर पाय जाईल, काकू."

"जाऊ दे की. मला कुठं शर्यतीत धावायचंय?"

डॉक्टरांनी टेबल थांबवलं. मग म्हणाल्या, "हाक मारून बघा. श्वास पार संपलेला असतो ना, तेव्हा आवाज बाहेर जात नाही. हाडांनी आत जातो. पण एकच शब्द जाईल."

"अहो म्हणते."

"अहो नको. कण्याला लागून पुष्कळ लोक असतात. अहो म्हटलं की सगळेच मान वर करतील. नाव घ्या."

आता आली का पंचाईत! ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेही पदराआड आणि बँडच्या गोंगाटात. त्यानंतर घेतलं नाही. दवाखान्यात केसपेपर काढताना शेजारणीला सांगायला लावायची. आठवडाभर मी मोरीत नळ सोडून ते नाव म्हणत होते. जीभ नुसती अडखळायची आणि कान गरम व्हायचे. या वयात, बाई!

शेवटच्या खेपेला मी पालथी झोपले. टेबलाला तोंडापाशी एक गोल भोक असतं, त्यात चेहरा ठेवायचा. खाली फरशी दिसते, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी टेबल झुकवायला सुरुवात केली.

"श्वास सोडा. आणखी. आणखी."

सगळा सोडला. आणि मग, अंगात काही उरलं नव्हतं तेव्हा, मी म्हणाले, "धनपाल."

आत खुर्ची सरकली. किती लांबून सरकली!

"कोण?" हे म्हणाले. "कोण पाहिजे आपल्याला?"

आपल्याला. मला म्हणाले, आपल्याला. ते नाव माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, ते तरी काय करणार?

"घरात मीच आहे," हे म्हणाले. किती अदबीनं बोलत होते, परक्या बाईशी बोलावं तसं. "आमची मंडळी गिरणीत गेलीय. येईलच आता. बसा तुम्ही. मी कोपऱ्यापर्यंत बघून येतो, एवढा उशीर करत नाही ती."

चपला शोधल्याचा आवाज झाला. पावलं निघाली.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "जागा झाली. हलू नका, मान राहिलीय." त्यांनी दोन्ही हात माझ्या मानेवर ठेवले.

पावलं कमरेतून बाहेर पडली आणि मला ती पाठीत ऐकू येईनात. ती दवाखान्यात ऐकू येत होती. भोकाखालच्या फरशीवरून दोन पाय गेले आणि जरा पुढे जाऊन थांबले. टाचा माझ्याकडे होत्या. त्या टाचांच्या भेगांत मी थंडीभर तूप चोळलेलं आहे, मला त्या कुठेही ओळखू येतील. ते जिन्याकडे तोंड करून उभे होते, एक पाय थोडा पुढे, खाली रस्त्यावर कोण येतंय ते बघत. हात खाली सोडला असता तर चप्पल हाताला लागली असती. हात डॉक्टरांनी पट्ट्याखाली घेतले होते.

मला 'आले' म्हणायचं होतं. अंगात श्वास नव्हता.

"सैल सोडा," डॉक्टर म्हणाल्या आणि माझी मान हळूहळू दुसरीकडे वळवू लागल्या.