खंडेनवमीचे पत्रे

शिवांजलीने फुटलेला पत्रा चिमट्याने नळीतून बाहेर काढला. ॲल्युमिनियमच्या चार पाकळ्या नेहमीसारख्या उमलल्या होत्या. एका पाकळीच्या दुमडीत मात्र तांबूस काहीतरी होतं. तिने ते कापसाने टिपलं, कापूस बोटांत चोळून पाहिला. तेलकट.

गेला आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. सहा मीटर लांब नळीत आडवा हा पत्रा बसवायचा. एकीकडे दाबून भरलेला हेलियम, दुसरीकडे आर्गॉनमध्ये जरासा इथेन. पत्रा फुटला की धक्क्याची लाट धावते, वायू क्षणात हजार अंशांच्या वर तापतो आणि इथेन मोडतो. किती वेगाने मोडतो, हे मोजणं तिचं काम. दसऱ्यानंतर केलेल्या बाराही चाचण्यांत तो पुस्तकातल्या वेगाच्या दीडपट मोडला होता. शोधनिबंध तयार होता. संध्याकाळी पाठवायचा होता.

"मामा, पत्र्यांना हे लाल काय लागलंय?"

पत्रे बसवणारे गोरोबामामा पान्हा पुसत आले.

"खंडेनवमीला पुजले की समदे. तुळजापूरचं कुंकू हाय. कोरडं टिकंना, म्हणून गोडेतेलात कालवलं."

"नळीला लावलेलं मी पाहिलं होतं. पण पत्र्यांनाही?"

"ताई, खरा मार तर त्योच खातो. एका दणक्यात जातो बिचारा. त्याला कसं वगळायचं? आन् बसवताना फडक्यानं पुसला की म्या." मामांचा हात थांबला. "चुकलं काय?"

तिच्या आता लक्षात आलं. तेलाचा अंश त्या उष्णतेत इथेनच्या आधी मोडतो, आणि मोडता मोडता इथेनलाही ओढून नेतो.

तिने नवा पत्रा ॲसिटोनने दोनदा धुतला, स्वतः बसवला. दणका झाला. पडद्यावरच्या रेघेवरून तिने आकडेमोड केली, पुन्हा एकदा केली. आकडा पुस्तकातलाच होता.

तिने वही ओढली. बाराही नोंदींवर पट्टीने रेघ मारली आणि समासात लिहिलं : पत्र्यावर तेल. मी तपासलं नाही. मग सरांना फोन लावला.

"सर, आज पाठवत नाही. नवं काही नाही त्यात."

मामा हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

"माझ्यामुळं गेलं म्हणा की," परत येऊन ते म्हणाले.

"जुनं खरं निघालं, मामा. अजून अकरा वेळा बघायचंय. हातमोजे घाला."

मामांनी धुतलेला पत्रा नैवेद्याच्या ताटासारखा कडेने धरून आणला, बसवला, नट आवळले. मग दारापर्यंत मागे सरले आणि हातमोज्यांसकट हात जोडले.

"आता लांबूनच," ते नळीला म्हणाले.

झडपेवर हात ठेवून शिवांजली थांबली. त्यांचे हात खाली आले, तेव्हा तिने झडप उघडली.