सी ड्राइव्हमधले कैलासवासी

इंद्रजितनं माऊस टेबलावर आपटला आणि पडद्यावरची तीच सूचना पाचव्यांदा वाचली. 'सी ड्राइव्हमध्ये पुरेशी जागा नाही.'

"अरे, डी दिलाय ना तुला," तो कॉम्प्युटरवर खेकसला. "तीनशे जीबी मोकळं पडलंय तिकडं."

दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या बाळाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. त्या सकाळच्या एसटीनं सारोळ्याहून कापूरहोळला त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात आल्या होत्या. परवा नवऱ्याचं वर्षश्राद्ध. रखमाजींचा फोटो छापून, फ्रेम करून भिंतीला लावायचा, एवढंच काम.

"आज्जी, पाच मिनिटं. एवढं सॉफ्टवेअर बसू द्या."

"बसू दे की. मला कुटं जायचंय."

पाच मिनिटं म्हणता म्हणता तास झाला. पुण्याहून आलेली वाढदिवसाच्या फ्लेक्सची फाईल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हती, आणि नवं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी डाउनलोड रखडलं. मग अँटीव्हायरस बंद करा म्हणालं. कुठं बसवू म्हणून विचारलं, डी सांगितल्यावर बरं म्हणालं, आणि शेवटी जागा मागितली ती सी-मध्येच. मग विचारायचं कशाला? कॉम्प्युटर फॉरमॅट करून देणाऱ्यानं सी-ला जेमतेम साठ जीबी ठेवले होते. त्याला इंद्रजितनं सकाळपासून मनात चार शिव्या घातल्या होत्या, पाचवी तोंडातून निसटली.

फोन वाजला. वाढदिवसवाल्या भाऊंचा कार्यकर्ता, गोरख.

"दादा, सहाला फ्लेक्स चौकात पाहिजे. कुठवर आलंय?"

"होतंय," म्हणून इंद्रजितनं फोन ठेवला.

डेस्कटॉपवर 'चेहरे' नावाचं फोल्डर होतं, आणि डेस्कटॉपवरचं सगळं सी-मध्येच बसतं. पंचक्रोशीतला प्रत्येक शुभेच्छुक त्यात तयार ठेवलेला, मागची भिंत कापून, नुसता खांद्यापासून वर. शेजारी दुसरं फोल्डर, 'कैलासवासी'. माणूस गेला की त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायचा आणि चेहरा तिकडं हलवायचा. बंडू पाटलांना जाऊन दोन महिने झाले असताना एकदा ते शुभेच्छुकांच्या रांगेत छापले गेले होते. त्यांच्या मुलानं दुकानात येऊन वाभाडे काढले, तेव्हापासून ही शिस्त होती.

'कैलासवासी' सात जीबीचं होतं. ते डी-मध्ये हलवायला घेतलं, तर बावन्न मिनिटं लागतील म्हणालं. तेवढ्यात गोरखचा फोन परत वाजायला लागला.

"गेलेल्यांचे कुठं वाढदिवस असतात," इंद्रजित पुटपुटला आणि शिफ्ट दाबून त्यानं अख्खं फोल्डर कायमचं डिलीट केलं.

सॉफ्टवेअर पळत सुटलं आणि सत्त्याण्णव टक्क्यांवर थांबलं. अजून दोनशे एमबी हवे होते.

तो खुर्चीत मागं रेलला. चिडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

"तवर आमच्या ह्यांचा फोटू काढतोस का, बाबा?" बाळाबाई म्हणाल्या. "गेल्या साली फ्लेक्सला लावला व्हता त्यो. त्यांचा दुसरा फोटूच न्हाई. आधारवरचा वळखू बी येत न्हाई. तूच काढला व्हतास, हितंच, दारात."

इंद्रजितचा हात माऊसवर तसाच राहिला. दारात उभे राहिलेले रखमाजी त्याला आठवले. टोपी सारखी करत होते, आणि हसा म्हटल्यावर आणखीच गंभीर झाले होते. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर मिळतं. पण तेही बसवायला सी-मध्येच जागा लागणार, आणि पुसलेल्या जागेवर तर हे नवं धूड येऊन बसलेलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आज्जी, फोटो माझ्या हातनं पुसला गेला. आत्ताच. तुमी हितं बसला असताना."

त्यांनी पडद्याकडं बघितलं.

"समदाच?"

"समदाच."

बाळाबाईंनी पदर सारखा केला, पिशवी उचलली.

"मग गोठ्यावरनं घे," त्या म्हणाल्या.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकातून उतरवल्यावर त्यांनी घरी नेला होता. जुने फ्लेक्स गोठ्यावर, नाहीतर वैरणीवर टाकायचे, ही सगळ्या गावांची रीत. इंद्रजितनं शटर ओढलं आणि त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून सारोळं गाठलं.

छपरावर फ्लेक्सची पांढरी पाठ दिसत होती. वाकून आत शिरल्यावर त्यानं वर बघितलं. दोन हात रुंदीचे रखमाजी, टोपी सारखी केलेली, खाली म्हशीकडं बघत होते.

"उन्हानं रंग उडतो," बाळाबाई म्हणाल्या. "म्हनून त्वांड आत केलं."

इंद्रजित गव्हाणीवर चढला, मोबाईल वर धरला आणि बटण दाबलं. 'जागा शिल्लक नाही. काही फाईल काढून टाका.'

त्यानं दातओठ खाल्ले. खाली उतरला, गव्हाणीच्या कडेवर बसला आणि मोबाईलमधले फोटो एकेक उघडून, नीट बघून, मगच पुसायला लागला. मध्येच गोरखचा फोन आला, तो त्यानं कट केला.

बाळाबाईंनी म्हशीपुढं पेंढी टाकली.

"सावकाश कर, बाबा," त्या म्हणाल्या. "हे आता कुटं जात न्हाईत."